चार्जर लावला की किर्रर्र : लॅपटॉपवर घरी रेकॉर्डिंग करताना येणारा आवाज

प्रश्न : घरातल्या एका खोलीत लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करतो. यूएसबीवर चालणारं दोन चॅनलचं साउंड कार्ड, एक कंडेन्सर माइक, दोन पॉवर्ड स्पीकर आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा एवढाच पसारा आहे. काळी एकमध्ये गातो. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून किर्रर्र सुरू होतं आणि माउस हलवला की त्याचा सूर बदलतो. चार्जर काढला की शांत. पण बॅटरी फार टिकत नाही. वायरमन म्हणतो, चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका. दुकानदार म्हणतो, पॉवर कंडिशनर घ्या, नाहीतर साउंड कार्डच बदला. स्पीकर आरसीए वायरने जोडले आहेत. काय करू?

उत्तर : वायरमनचं ऐकू नका आणि दुकानदाराचंही. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून साउंड कार्ड धड आहे, चार्जरही बहुधा धड आहे. गडबड साउंड कार्डापासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या त्या आरसीए वायरीत दिसते. पण अंदाजावर पैसे घालवू नका. आधी एक गोष्ट तपासा, ती न तपासता लोक हजारो रुपये खर्च करतात.

हा आवाज रेकॉर्ड होतो की फक्त ऐकू येतो?

चार्जर लावा, स्पीकरच्या वायरी साउंड कार्डातून काढून टाका, माइक काढा, तानपुऱ्याची वायरही काढा. हेडफोन थेट साउंड कार्डात लावा. गेन नेहमी गाताना ठेवता तेवढाच ठेवून अर्धा मिनिट काहीही न करता रेकॉर्ड करा. मग रेकॉर्ड झालेली लाट स्क्रीनवर मोठी करून बघा आणि आवाज चढवून ऐका. नुसती बारीक 'सूं' ऐकू आली तर ती प्रीअँपची, म्हणजे साउंड कार्डातल्या माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची स्वतःची आहे, ती असणारच. तिथे किर्रर्र नसेल तर तुमचं रेकॉर्डिंग आजही स्वच्छ आहे आणि त्रास आहे तो फक्त स्पीकरच्या बाजूला. माझ्या पाहण्यात चार्जर काढल्यावर थांबणारे बहुतेक आवाज याच प्रकारातले निघतात. ते रेकॉर्डिंगमध्ये शिरलेलेच नसतात, तरी माणसं माइक बदलत बसतात.

आता माउस हलवल्यावर सूर का बदलतो ते बघू. दुखणं नेमकं कुठे आहे ते यातूनच कळतं.

६५ वॉटचा चार्जर २० व्होल्टला जास्तीत जास्त सव्वातीन अँपिअर देतो. हा करंट चार्जरच्या बारीक वायरीतून लॅपटॉपमध्ये जातो आणि तिच्याच निगेटिव्ह तारेतून परत येतो. त्या तारेला थोडा रोध असतो. तो ०.०५ ओहम धरला तरी ३ अँपिअरला तारेच्या दोन टोकांत ०.१५ व्होल्टचा फरक पडतो. बऱ्याच तीन पिनच्या चार्जरमध्ये हीच निगेटिव्ह तार आतून अर्थिंगला जोडलेली असते. म्हणजे तुमच्या लॅपटॉपचं 'शून्य' हे भिंतीतल्या अर्थिंगच्या शून्यापेक्षा किंचित सरकलेलं असतं आणि प्रोसेसरवर जसा ताण येईल तसं ते हलत राहतं. माउस हलवला, खिडकी सरकवली, प्लगइन उघडलं की लॅपटॉप जास्त करंट ओढतो आणि ते शून्य थरथरतं.

एवढ्यानं काही बिघडत नाही, जोपर्यंत परतीची वाट एकच आहे. पण तुमच्याकडे दुसरी वाट तयार झाली आहे. लॅपटॉपपासून यूएसबीच्या शिल्डमधून साउंड कार्ड, तिथून आरसीएच्या जाळीतून (वायरीभोवतीच्या तारांच्या वेष्टणातून) स्पीकर, स्पीकरच्या तीन पिनमधून भिंतीतली अर्थिंग आणि तिथून परत चार्जर. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपचा परतीचा करंट थोडासा का होईना, या वळणानेही जातो. आरसीए वायरीत जाळीची दोन कामं असतात : बाहेरचा नॉइज अडवणं आणि ऑडिओ सिग्नलची परतीची तार होणं. त्यामुळे जाळीतून जे काही वाहील ते स्पीकरला गाण्याचाच भाग वाटतं.

किती वाटतं? समजा जाळीतून एकच मिलिअँपिअर वाहतोय आणि जाळी आणि सैल पिन मिळून अर्धा ओहम रोध आहे. झाला अर्धा मिलिव्होल्ट. आरसीएचा नेहमीचा सिग्नल साधारण ३१६ मिलिव्होल्ट असतो. म्हणजे तुमच्या गाण्यापेक्षा किर्रर्र फक्त ५६ डेसिबल खाली आहे. रात्रीच्या शांत खोलीत, कानापासून हातभर अंतरावर स्पीकर असताना हे स्पष्ट ऐकू येतं.

दोन पिनचा चार्जर असता तर माउसचा आवाज बहुधा गेला असता, पण त्याची जागा कदाचित 'घूं' आवाजानं घेतली असती. दोन पिनच्या चार्जरमध्ये रेडिओला त्रास होऊ नये म्हणून मेनच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूला एक छोटा कपॅसिटर टाकलेला असतो. त्यातून अगदी थोडा करंट सतत गळतो. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की ज्या बारीक मुंग्या येतात त्या याच. हा गळका करंटही स्पीकरच्या अर्थिंगकडे जाण्यासाठी तुमच्या आरसीएचीच जाळी धरतो.

मग उपाय. साउंड कार्डाच्या मागे ६.३५ मिलिमीटरची मोठी जॅकं आहेत का बघा. ती बॅलन्स्ड (म्हणजे काय ते खाली सांगतो) असतील तर मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं. स्पीकरच्या मागेही आरसीएच्या शेजारी मोठं जॅक किंवा एक्सएलआर (माइकच्या वायरीसारखं तीन पिनचं) असेल तर तुमचा प्रश्न दोन वायरींत सुटला. दोन टीआरएस वायरी घ्या. पिनेवर दोन काळ्या रेघा असलेली पिन टीआरएस. एकच रेघ असलेली टीएस, म्हणजे गिटारची, ती घेतलीत तर काहीच फरक पडणार नाही. दुकानात दोन्ही एकाच खोक्यात पडलेल्या असतात, तेव्हा रेघा मोजूनच घ्या.

बॅलन्स्ड वायरीत सिग्नलसाठी दोन तारा वेगळ्या असतात आणि जाळी वेगळी. स्पीकर फक्त त्या दोन तारांमधला फरक ऐकतो. दोघींवर सारखाच बसलेला नॉइज वजा होऊन जातो. लूप तसाच राहतो, जाळीतून करंट वाहतच राहतो, पण तो कुणाला ऐकू जात नाही. म्हणूनच स्टुडिओत डझनावारी मशीन अर्थिंगला जोडलेली असूनही सगळं शांत असतं. तिथे लूप तोडलेले नसतात, बॅलन्स्ड वायरींनी निरुपद्रवी केलेले असतात.

बॅलन्स्ड वायर लावूनही आवाज राहिला तर त्या यंत्राच्या आतच जाळीची जोडणी चुकलेली असू शकते. जाळी यंत्रात शिरल्याबरोबर बाहेरच्या धातूच्या पेटीला जोडायला हवी. काही कंपन्या ती सर्किट बोर्डच्या ग्राउंडला जोडतात आणि जाळीतला नॉइज सरळ अँप्लिफायरच्या पोटात घालतात. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये यावर निबंध लिहिला, तेव्हापासून याला 'पिन १ प्रॉब्लेम' म्हणतात (पिन १ म्हणजे एक्सएलआरमधली जाळीची पिन). पुढे २००५ मध्ये त्याच सोसायटीचं एईएस ४८ हे मानकही आलं. अशा यंत्राला घरी काही करता येत नाही. फार तर स्पीकरकडच्या टोकाला जाळीची जोडणी काढलेली वायर बनवून घ्या. सिग्नलच्या दोन तारा जोडलेल्या, जाळी फक्त साउंड कार्डाकडे जोडलेली. ही वायर सुरक्षित आहे, कारण स्पीकरची अर्थिंग त्याच्या मेन कॉर्डमधून शाबूत राहते.

स्पीकरला आरसीएशिवाय दुसरं इनपुटच नसेल तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल. त्यात तारेची जोडणी तुटते, सिग्नल चुंबकीय मार्गानं पलीकडे जातो. तो स्पीकरच्या जवळ बसवा आणि त्याच्यापासून स्पीकरपर्यंतची वायर जेमतेम हातभर ठेवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारे स्वस्त 'ग्राउंड लूप आयसोलेटर' हे याच जातीचे. त्यांनी आवाज हमखास थांबतो. म्हणून चाचणीसाठी एक घरात ठेवायला हरकत नाही. पण त्यातला ट्रान्सफॉर्मर बोटाच्या पेराएवढा. खालच्या सुरांना आणि मोठ्या आवाजाला त्याचा गाभा भरून जातो आणि डग्ग्याची घुमक पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखी होते. नुसतं बोलणं एडिट करत असाल तर चालेल. गाणं मिक्स करायचं असेल तर चांगल्या गाभ्याचा घ्या, त्याची किंमत स्पीकरच्या मानानं जास्त वाटेल, तरीही.

आता त्या पिनेबद्दल.

अर्थिंगची पिन काढली की आवाज थांबतो, यात वायरमन खोटं बोलत नाही. एक वाट बंद झाली की लूप तुटतोच. पण ती पिन ऑडिओसाठी नाहीच. यंत्राच्या आत फेजची तार सुटून पेटीला टेकली तर करंट अर्थिंगमधून जोरात वाहावा, फ्यूज किंवा एमसीबी पडावी, यासाठी ती आहे. पिन काढल्यावर तोच करंट यूएसबीच्या शिल्डमधून, साउंड कार्डातून, माइकच्या जाळीवर येऊन थांबेल. आणि माइकला तुमचे ओठ टेकलेले असतात. १९७२ साली स्वान्सीमध्ये कार्यक्रम चालू असताना लेस्ली हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लावताच गेला. यार्डबर्ड्स या ब्रिटिश बँडचा माजी गायक कीथ रेल्फ १९७६ साली स्वतःच्या घरात गिटार वाजवताना विजेचा धक्का बसून गेला. घरची खोली स्टेजपेक्षा सुरक्षित असते हा समज सोडून द्या. चार्जर असो की स्पीकर, मेनची अर्थिंग तोडायची नाही. तोडायचंच असेल तर ऑडिओच्या वायरीत, ट्रान्सफॉर्मर लावून तोडायचं.

खरी भीती तर मला वेगळीच आहे : तुमच्या भिंतीत अर्थिंग आहे का? जुन्या वाड्यांत, चाळींत आणि कितीतरी नव्या फ्लॅटमध्येही प्लगाला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे तार नसते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, सवय असेल तर स्वतः, नसेल तर दुसऱ्या वायरमनकडून, तीन मोजमापं घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० यायला हवेत. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थिंगला साठ, ऐंशी, एकशेदहा असं काहीतरी तरंगणारं आलं तर अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली आहे. डिजिटल मीटर इतका नाजूक असतो की लोंबकळत्या तारेवरही असे भुताटकीचे व्होल्ट दाखवतो. म्हणून जुने वायरमन होल्डरमध्ये शंभरचा बल्ब घेऊन फेज-अर्थिंगवर पेटवून बघतात. तो पूर्ण उजळला तर अर्थिंगमध्ये दम आहे. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत ती पडेल, आणि ती पडणं हे चांगलंच लक्षण.

न्यूट्रल-अर्थिंगमध्ये घरात इस्त्री, गीझर चालू असतानाही अगदी शून्य आलं तर उलट संशय घ्या. अर्थिंगची तार नाही म्हणून प्लगच्या मागे न्यूट्रलच अर्थिंगच्या खिट्टीला जोडून देण्याची वाईट सवय आपल्याकडे आहे. मीटरवर सगळं छान दिसतं. पण वाटेत न्यूट्रल कुठे सुटली तर तुमच्या सगळ्या यंत्रांच्या पेट्यांवर २३० व्होल्ट उभे राहतात. शिवाय घरभरचा न्यूट्रलचा करंट ऑडिओच्या जाळ्यांतून वाट शोधतो, तो आवाज वेगळाच. ही जोडणी सापडली तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवा आणि आधी ती काढून घ्या.

बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर अर्थिंगचा खड्डाही बघा. कोळसा आणि मीठ घातलेला खड्डा एप्रिल-मे महिन्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते. पावसाळ्यात नसलेला आवाज उन्हाळ्यात येतो त्याचं एक कारण हे असतं. खड्ड्याच्या फनेलमध्ये दोन-चार बादल्या पाणी घालून बघण्यात तोटा काहीच नाही.

अर्थिंग नीट आहे असं कळलं की सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. लॅपटॉपचा चार्जर, दोन्ही स्पीकर, तानपुऱ्याचा अडॅप्टर, सगळं. एक स्पीकर खिडकीजवळच्या प्लगवर आणि लॅपटॉप दाराजवळच्या प्लगवर असेल तर दोन प्लगांमधल्या अर्थिंगच्या तारेची लांबी लूपमध्ये येते, त्यात फ्रिजचा आणि एसीचा गळका करंटही येतो. एवढ्याशा यंत्रांना सगळं मिळून दोनशे वॉटही लागत नाहीत, ६ अँपिअरच्या एका चांगल्या बोर्डवर ते आरामात चालतं. बोर्ड मात्र खरी अर्थिंगची तार असलेला घ्या. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त बोर्डात तीन भोकं आणि आत दोनच तारा असतात.

लॅपटॉपला टीव्ही किंवा वेगळा मॉनिटर एचडीएमआयने जोडला आहे का? तुम्ही लिहिलं नाही, पण असेल तर तो काढून बघा. मॉनिटरची स्वतःची तीन पिन म्हणजे आणखी एक लूप. आणि टीव्हीला सेट टॉप बॉक्स असेल तर गच्चीवरून आलेली केबलची जाळी तिसऱ्याच ठिकाणची अर्थिंग घेऊन तुमच्या साउंड कार्डात शिरते. चार्जरला शिव्या बसतात आणि चोर गच्चीवर असतो.

समजा पहिल्या चाचणीत आवाज रेकॉर्ड झालेला सापडला. मग गोष्ट वेगळी. माइकची वायर मुळात बॅलन्स्ड असते, त्यामुळे लूपचा तिथे फारसा जोर चालत नाही. संशय जातो यूएसबीच्या पाच व्होल्टवर. साउंड कार्ड त्या पाच व्होल्टवरच जगतं आणि कंडेन्सर माइकसाठी त्यातूनच ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकला लागणारी वीज, तयार करतं. लॅपटॉपचा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. त्याच पोर्टच्या शेजारी बाहेरची हार्ड डिस्क, कीबोर्डचा दिवा, मोबाइल चार्जिंगला असं सगळं लटकलं असेल तर साउंड कार्डाच्या वाट्याला मळकी वीज येते. हे आवाज कानाला ओळखू येतात. यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते, म्हणून एक किलोहर्ट्झची शिटी. वेगवान यूएसबीत मिलिसेकंदाचे आठ भाग होतात, म्हणून आठ किलोहर्ट्झची बारीक किणकिण. या दोन सुरांवर टोकदार उंचवटे दिसले तर दुखणं यूएसबीचं. ५०, १५०, २५० हर्ट्झ दिसले तर मेनचं. १०० आणि तिच्या पटीतली दाट रांग दिसली तर रेक्टिफायरचं, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या सर्किटचं. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो अर्धा मिनिट निवडून स्पेक्ट्रम काढला की हे लगेच दिसतं, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

उपाय साधे आहेत. साउंड कार्डाला लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा पोर्ट द्या, हार्ड डिस्क वेगळ्या बाजूला लावा, वायर मीटरभराची, जाड आणि चांगल्या जाळीची घ्या. साउंड कार्डाला स्वतंत्र अडॅप्टरची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावून बघा. हबनं वीज बदलते, लूप तुटत नाही, हे लक्षात ठेवा. शिवाय हबबरोबर आलेला अडॅप्टर फडतूस असेल तर आधीचं बरं होतं म्हणायची वेळ येते.

यूएसबी आयसोलेटर नावाची डबी खरोखर लूप तोडते, पण घेताना सावध. बाजारातल्या बऱ्याच डब्यांत एडीयूएम ४१६० किंवा ३१६० ही चिप असते आणि तिचा वेग सेकंदाला १२ मेगाबिटवर संपतो. तुमचं साउंड कार्ड ४८० मेगाबिटच्या वेगावर चालणारं असेल तर ते एकतर दिसणारच नाही किंवा अडखळत चालेल. पुढच्या ४१६६ सारख्या चिप ४८० ला चालतात, त्या डब्या महाग असतात. आणि डबीतून पलीकडे किती करंट मिळतो तेही बघा. दोनशे मिलिअँपिअर मिळत असेल तर फँटम चालू करताच साउंड कार्ड मान टाकेल.

फेराइटचे गोल मणी चार्जरच्या वायरीवर बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. रेडिओच्या कंपनांना ते अडवतात, ५० हर्ट्झच्या घूंवर आणि माउसच्या किर्रर्रवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. स्पाइक गार्ड आणि पॉवर कंडिशनरचंही तेच. विजेचा अचानक उसळलेला दाब झेलणं हे स्पाइक गार्डचं काम. लूप त्यांच्या पलीकडे, तुमच्या टेबलावर बनलेला आहे. कंडिशनर कितीही महाग घेतलात तरी अर्थिंगची तार त्यातून सरळ आरपार जाते.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याकडे वळतो, कारण तुमच्या यादीतलं सगळ्यात लबाड यंत्र तेच असू शकतं. त्याचा अडॅप्टर दोन पिनचा, लाइन आउट बॅलन्स्ड नसलेलं, आणि तुम्ही बहुधा ते थेट साउंड कार्डाच्या दुसऱ्या चॅनलला लावलं असेल. तानपुरा जोडल्यावर रेकॉर्डिंगमध्ये घूं येत असेल तर मध्ये पॅसिव्ह डीआय बॉक्स लावा. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो आणि 'ग्राउंड लिफ्ट'चं बटन असतं. ते बटन फक्त ऑडिओची जाळी तोडतं, मेनच्या अर्थिंगला हात लावत नाही, म्हणून बिनधास्त दाबा. किंवा तानपुरा सेलवर चालत असेल तर रेकॉर्डिंगपुरता सेलवर चालवा.

या घूंबद्दल तुम्हाला विशेष काळजी घ्यायला हवी. काळी एकचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. त्याखालचा मंद्र पंचम, म्हणजे तुमच्या तानपुऱ्याची पहिली तार, १०४ हर्ट्झच्या आसपास. आणि विजेच्या ५० हर्ट्झच्या घूंची दुप्पट १०० वर. दोघांत चारच हर्ट्झचं अंतर, म्हणजे सेकंदाला चार ठोके. पंचम थरथरतोय, तानपुरा जुळत नाहीये असं वाटत राहतं, तुम्ही तार खालीवर करत राहता आणि तानपुरा बिचारा जुळलेलाच असतो. पांढरी चारला गाणाऱ्यांना हा त्रास या रूपात जाणवत नाही, तुमच्या पट्टीला तो नेमका बोचतो.

म्हणूनच रेकॉर्ड झालेला घूं सॉफ्टवेअरनं काढायचा झाला तर हात हलका ठेवा. १०० हर्ट्झवर नॉच (एकच सूर कापणारा फिल्टर) लावताना तो शक्य तितका अरुंद ठेवा. जरा रुंद झाला की १०४ चा पंचम त्याच्याबरोबर कापला जातो आणि तानपुऱ्याचा पायाच निघून जातो. ५० ला मोकळेपणानं कापा, तिथे तुमचं काही नाही. आवाजाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर) लावायची पद्धत आहे, पण काळी एकमधला खर्जाचा षड्ज ६९ वर येतो. खर्ज लावणार असाल तर फिल्टर ६० च्या खाली ठेवा. तानपुरा आणि गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलेत तर ही सगळी कसरत निम्मी होते.

खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर हाही संशयित. सलग फिरणारा, पायऱ्या नसलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा मध्येच कापतो आणि त्याची खरखर माइकच्या वायरीत, त्याहूनही जास्त गिटारच्या पिकअपमध्ये उतरते. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद, यापैकी एक. टप्प्याटप्प्यानं फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर त्यामानानं शांत असतो आणि बदलायला सोपा. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर सगळीकडूनच गुरगुर येईल. तेव्हा स्पीकर बंद करून हेडफोनवर आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करा. खरं तर लोडशेडिंगच्या त्या तासात शेजारपाजारचा मिक्सर, पंप, एसी सगळं बंद असतं. रेकॉर्डिंगला त्याहून चांगली वेळ शोधून सापडणार नाही, मग भले घाम पुसत का होईना.

गाताना माइकच्या धातूला किंवा साउंड कार्डाच्या पेटीला हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर तुमची सगळी यंत्रं अर्थिंगविना तरंगत आहेत आणि तुम्ही स्वतः अर्थिंगचं काम करत आहात. तसं असेल तर वर सांगितलेली तीन मोजमापं आधी, बाकी सगळं नंतर. आणि माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर मोजमापं होईपर्यंत चार्जर काढूनच गा.

तुमच्यासाठी क्रम असा धरा : आज रात्री अर्ध्या मिनिटाची चाचणी, उद्या मीटर घेऊन प्लग, मग सगळं एका बोर्डवर, मग दोन टीआरएस वायरी. इथपर्यंतचा खर्च नव्या साउंड कार्डाच्या जवळपासही जात नाही. स्पीकरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. मागच्या बाजूला आरसीएखेरीज कोणती इनपुट आहेत आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये किती व्होल्ट आले तेवढं कळवलंत तर ट्रान्सफॉर्मर लागेल की नाही ते सांगता येईल.